मधला घोडा

आमच्या घराच्या मागल्या पडवींत एक जुनी मोटारसायकल उभी आहे. उभी आहे म्हणण्यापेक्षां टेकली आहे असें म्हणणें अधिक खरें होईल. कारण तिचा स्टँड केव्हांच वांकला असून, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला हळदीच्या रिकाम्या पोत्यांची चवड यांच्या आधारानेंच ती आपला तोल संभाळून आहे. तिच्या टांकीवर कोंबडी बसते. दोन आरशांपैकीं एक आमच्या पुतणीनें काढून न्हाणीघरांत खिळ्याला अडकविला आहे. दुसऱ्याचा पत्ता कोणालाच नाहीं. अशा स्थितींतल्या वस्तूवर कोणी निबंध लिहावा असें तिच्या अंगीं वरवर पाहतां कांहीं उरलेलें नाहीं. परंतु मागल्या महिन्यांत आमचा पुतण्या माझ्यासमोर येऊन उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागें बांधून म्हणाला, "काका, एक बोलायचं होतं," आणि त्या एका वाक्यानें मला वीस वर्षें मागें नेऊन सोडलें. वीस वर्षांपूर्वीं याच पडवींत, असेच हात मागें बांधून, मी माझ्या वडिलांसमोर उभा होतों.

पुतण्याचें बोलणें थोडक्यांत असें होतें. त्याला नवी मोटारसायकल हवी होती. नांव पल्सरच, पण नांवापुढें चारशेंचा आंकडा. मे २०२४ मध्यें ती प्रथम जाहीर झाली तेव्हां तिची शोरूममधली किंमत एक लक्ष पंच्याऐंशी हजार रुपये होती, तिच्या सिलिंडरचें आकारमान ३७३ सी.सी. होतें आणि तिचा जोर ४० अश्वशक्तीचा होता, ही सर्व माहिती त्यानें परीक्षेला बसलेल्या मुलानें सांगावी तशी एका दमांत सांगितली. आमच्या घरांत शेत भाऊ पाहतो आणि हिशेब मी पाहतों. मी शाळामास्तर असल्यामुळें हिशेबाबरोबर शहाणपणहि माझ्याकडेच आहे असा घरांतल्या माणसांचा समज आहे, आणि तो दूर करण्याची मीं कधीं फारशी खटपट केलेली नाहीं. म्हणून हा अर्ज बापाकडे न जातां माझ्याकडे आला. शेवटीं तो म्हणाला, "आणि ती जुनी भंगारांत देऊन टाकूं. उगीच जागा अडवून बसली आहे."

मी म्हणालों, "बघूं."

हा शब्द माझ्या तोंडून निघाला मात्र, आणि तो माझा नसून अण्णांचा आहे हें माझ्या ध्यानांत आलें. आमच्या वडिलांना आम्हीं 'अण्णा' म्हणत असूं. त्यांच्या 'बघूं'चा अर्थ होकारहि नसे आणि नकारहि नसे. मागणाऱ्यानें कांहीं दिवस उन्हांत वाळावें, वाळूनहि त्याची इच्छा शिल्लक राहिली तर पुढचें बोलणें काढावें, असा त्या शब्दाचा हेतु असे.

अर्धापूर हें नांदेडपासून वीसेक किलोमीटरांवरचें आमचें गांव. इसापूर धरणाच्या कालव्याचें पाणी येथें पोंचतें. त्यामुळें मराठवाड्याच्या इतर भागांत जेथें डोळ्यांना नुसती तूर आणि सोयाबीन दिसते तेथें आमच्याकडे केळीच्या बागा आणि हळदीचे हिरवेगार पट्टे दिसतात. अण्णांचा जन्म या मातींत गेला. परंतु मनानें ते कुणबी जितके होते तितकेच घोड्यांचे पारखी होते. स्वतःपाशीं घोडा त्यांनीं कधीं बाळगला नाहीं. तरी मार्गशीर्षांत लोहा तालुक्यांतल्या माळेगांवला खंडोबाची यात्रा भरली कीं ते तेथें जाऊन दोन दिवस घोड्यांच्या बाजारांत काढीत. घेणें कांहीं नाहीं, देणें कांहीं नाहीं. नुसते पाहत हिंडायचें, खूर पाहायचे, दांत पाहायचे, आणि व्यापाऱ्यानें किंमत सांगितली कीं हंसून पुढें जायचें. या पाहण्यांतून त्यांनीं एक सिद्धान्त काढला होता. ते म्हणत, "शर्यतीचा घोडा घरीं आणला तर तो दावणीला मरतो, आणि ओझ्याचं तट्टू आणलं तर मालक वाटेवर मरतो. आपल्यासारख्यानं मधला घोडा घ्यावा."

२००४ सालीं मला नुकतीच नोकरी लागली होती, आणि त्या वर्षीं हळदीचे पैसेहि हातांत आले होते. घरांत तोंवर एक लूना होती. दुधाच्या किटल्या वाहून वाहून ती बिचारी पाठींत वांकली होती. मला पल्सर हवी होती. अण्णांनीं माझें सगळें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला, "मधला आहे का?"

त्या प्रश्नाचें उत्तर मीं त्या दिवशीं मोठ्या आवेशानें दिलें. आज तें जरा शांतपणें द्यावयाचें म्हणजे थोडा इतिहास सांगावा लागेल.

दुचाकीच्या बाबतींत आपल्या देशाची दोन-तीन पिढ्यांची हौस स्कूटरवर भागली. पुण्याजवळच्या आकुर्डीला बजाज कंपनीनें इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर स्कूटर तयार करण्यास प्रारंभ केला तो १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत. पुढें तो करार संपला आणि १९७२ मध्यें स्वतःच्या नांवाची चेतक स्कूटर आली. चेतक हा राणा प्रतापाचा घोडा. नांव ठेवणाऱ्याच्या मनांतहि वाहन म्हणजे घोडाच होता, हें अण्णांना फार आवडे. त्या घोड्यासाठीं लोक पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहत. १९८५ मध्यें याच कंपनीचा दुसरा कारखाना औरंगाबादेजवळ वाळूज येथें सुरू झाला. औरंगाबादेचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर झालें आहे. पण 'वाळूजला लागला' हा शब्दप्रयोग मराठवाड्यांत तेव्हांपासून जो रूढ झाला तो आजहि आहे. दुष्काळी गांवांतल्या किती घरांची चूल त्या दोन शब्दांवर पेटली असेल त्याची गणती नाहीं.

त्याच सुमारास कंपनीनें जपानच्या कावासाकीशीं हातमिळवणी करून मोटारसायकली काढल्या. हें युग शंभर सी.सी.चें होतें. एका लिटरमध्यें गाडी किती किलोमीटर जाते हा एकच प्रश्न मुलीच्या बापापासून दूधवाल्यापर्यंत सर्वजण विचारीत. या हलक्या, काटकसरी, गरीब स्वभावाच्या गाड्या एका टोकाला आणि साडेतीनशें सी.सी.ची अवजड बुलेट दुसऱ्या टोकाला. बुलेट ही फौजदाराची, नाहीं तर पाटलाची. मध्यें सगळें रिकामें होतें. तरुण माणसाच्या मनांत मात्र नेमकें तेंच मधलें रान होतें. १९९९ मध्यें हीरो होंडा कंपनीनें सीबीझेड नांवाची १५६ सी.सी.ची गाडी आणली आणि त्या रानांत पहिली वाट पाडली. बजाजनें ती वाट पाहिली, आणि नोव्हेंबर २००१ मध्यें १५० आणि १८० सी.सी. अशीं पल्सरचीं जुळीं भावंडें बाजारांत आणलीं. एकाचा जोर १२ अश्वशक्तीचा, दुसऱ्याचा १५ चा. कंपनीच्या स्वतःच्या अभियंत्यांच्या जोडीला टोकियो आर अँड डी ही जपानी संस्था होती, आणि तिच्या रूपावर ग्लिन केर नांवाच्या ब्रिटिश आरेखकाचा हात फिरला होता. गोल दिवा, भरीव टांकी, मागें थोडी उचललेली शेपटी, असें तें रूप होतें. कावासाकीच्या बोटाला धरून चाललेलें मूल पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर धांवलें तें येथें.

नांव मात्र आकाशांतलें. पल्सर म्हणजे ठरावीक अंतरानें स्पंदनें पाठविणारा तारा. १९६७ मध्यें केंब्रिज येथें जोसेलिन बेल या विद्यार्थिनीच्या नजरेस असा पहिला तारा पडला. गंमत अशी कीं जें नांव एका मुलीच्या चिकाटीमुळें जगाला कळलें तें लावून आलेल्या या गाडीची जाहिरात 'ही गाडी पुरुष जातीची आहे' अशा थाटाची होती. परवां मीं ही हकीकत पुतणीला सांगितली तेव्हां ती पडवीकडे पाहून म्हणाली, "मग आतां तिचा आजोबा झाला म्हणायचा!"

"मधला आहे," असें मीं अण्णांना सांगितलें तें या सर्व माहितीच्या बळावर. ते म्हणाले, "पहिल्या वर्षाचं वाण पेरूं नये." मी म्हणालों, "पहिल्या वर्षाचं नाहीं, अण्णा. गेल्या सालीं त्याच्यांत सुधारणा झाली आहे." ही सुधारणा २००३ ची. तिचें इंग्रजी नांव लांबलचक होतें. गाडीच्या अंगावर त्याचीं आद्याक्षरें मात्र दिमाखानें लिहिलेलीं असत. अर्थ एवढाच कीं सिलिंडरांत एकाऐवजीं दोन ठिणग्या पडतात. पेट्रोलची वाफ आणि हवा यांच्या मिश्रणावर दट्ट्या दाब देतो, ठिणगी पडते आणि तें पेटतें. ठिणगी एकाच कडेला पडली तर ज्वाळेला दुसऱ्या कडेपर्यंत पोंचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधींत थोडा जोर वाया जातो. दोन बाजूंनीं दोन ठिणग्या टाकल्या तर ज्वाळा मध्यें येऊन भेटतात. इंधन लवकर आणि नीट जळतें, जोर वाढतो आणि पेट्रोलहि वांचतें. हें मीं हातवारे करून समजावूं लागलों तों अण्णाच म्हणाले, "म्हणजे हळदीच्या कढईसारखं. एकाच तोंडानं जाळ घातला तर इकडचे गड्डे शिजतात आणि तिकडचे कच्चे राहतात." यानंतर मला कांहीं बोलण्यासारखें उरलें नाहीं. या दोन ठिणग्यांवरून पुढें दोन मोठ्या कंपन्यांत वाद होऊन तो २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हें वाचलें तेव्हां मला अण्णांच्या कढईची आठवण होऊन हंसूं आलें होतें.

गाडी आली. अण्णांनीं तिला हळदकुंकू लावूं दिलें, नारळ फोडूं दिला. पण ते तिच्यावर बसले नाहींत. एक दिवस नाहीं, दोन दिवस नाहीं, सात महिने बसले नाहींत. मळ्यांत जायचें तर पायीं जात, नांदेडला जायचें तर एस.टी.नें जात. मी शेजारून गाडी नेत असलों तर रस्त्याच्या कडेला सरत आणि मी पुढें जाईपर्यंत उभे राहत. मला याचा राग येई. मला वाटे, म्हाताऱ्या माणसांना नवें कांहीं सहनच होत नाहीं. तरुण मुलाला बापाच्या भीतीचा राग फार लवकर येतो. ती भीति कसली आहे हें कळायला त्याला स्वतः काका व्हावें लागतें.

त्या वर्षीं मार्गशीर्षांत माझा एक वर्गमित्र गेला. त्याच्यापाशींहि तशीच गाडी होती. रात्रीच्या वेळीं उंसानें भरलेली, मागें दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यांत उभी होती. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. आमच्यापैकीं कोणाच्याच डोक्यावर तेव्हां तें नसे. गाडीचा एक पाय-दांडा वांकला होता आणि दिव्याची कांच फुटली होती. बाकी तिला कांहीं झालें नव्हतें. ही गोष्ट मला अजून विसरतां येत नाहीं. मातीहून परत आल्यावर अण्णांनीं अंगणांत उभ्या असलेल्या माझ्या गाडीला पहिल्यांदा हात लावला. गोल दिव्यावर तळवा ठेवून ते कांहीं वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हिचा दोष नाहीं. पण हिला डोळा एकच आहे. दुसरा तुला ठेवावा लागेल."

आठवड्यानें यात्रा होती. अण्णा म्हणाले, "मला माळेगांवला ने."

"एस.टी.नं?" मीं विचारलें.

"तुझ्या घोड्यावरून."

अर्धापुराहून नांदेड, नांदेडाहून लोह्याच्या वाटेनें माळेगांव. एवढ्या वाटेंत ते एक शब्द बोलले नाहींत. त्यांचा उजवा हात माझ्या उजव्या खांद्यावर होता. पहिल्या वळणावर तो हात किंचित् दाबला गेला. मीं नकळत वेग कमी केला. रस्ता सरळ झाला तसा हात सैल पडला. पुढें एक बैलगाडी आली तेव्हां पुन्हां दाब. असें करीत करीत निम्मी वाट सरली आणि माझ्या लक्षांत आलें कीं गाडीला एक तिसरा ब्रेक आहे. पायाच्या आणि हाताच्या ब्रेकपेक्षां तो आधीं लागत होता. यात्रेंत त्यांनीं घोडे पाहिलेच नाहींत असें नाहीं. पण नेहमीपेक्षां थोडे पाहिले. परत निघतांना ते गाडीभोंवतीं एक फेरी मारून आले, पुढचें चाक पाहिलें, मागचें पाहिलें, खुरांसारखे टायर बोटानें चांचपले आणि म्हणाले, "घोडा मधलाच आहे. स्वार अजून कच्चा आहे."

तेव्हां मला कळलें कीं ते घोडा पाहायला आले नव्हते.

त्यानंतर गाडीवर बसण्याची त्यांना इतकी संवय लागली कीं चार शेतांपलीकडे जायचें तरी ते मला हांक मारीत. 'स्पोर्ट्स' हा शब्द त्या गाडीच्या जाहिरातींत कितीहि वेळां आला असला तरी आमच्या घरीं तिनें कोणता खेळ केला म्हणाल तर तो असा: युरियाचें पोतें नेणें, केळीच्या कंदांचीं भरलेलीं गोणपाटें नेणें, फवारणीचा पंप पाठीशीं बांधून नेणें, शाळेंत मला आणि बाजारांत वहिनींना नेणें, आणि टांकीवर पुढें लहानग्या पुतण्याला बसवून संध्याकाळीं कालव्यापर्यंत एक फेरी मारणें. तरीहि रविवारीं सकाळीं मोकळ्या रस्त्यावर एकटा असलों आणि मूठ थोडी अधिक पिळली, तर ती अशी कांहीं उचल घेई कीं आपण युरियावाले आहोंत हें ती आणि मी दोघेंहि विसरून जात असूं. मधला घोडा म्हणतात तो हाच. त्याला जूं चालतें, पण त्याच्या पोटांतली दौड मेलेली नसते.

अण्णा २०१४ मध्यें गेले. गाडी त्यांच्यानंतर कांहीं वर्षें चालली आणि मग हळूहळू पडवीला लागली. या अवधींत तिचें घराणें मात्र वाढत होतें. घोडा जन्माला येतो तो एकदांच. यंत्राचा जन्म वर्षानुवर्षें चाललेला असतो. कोणी तरी एक उणें पाहतो, तें काढतो, त्यांतून दुसरें उणें निघतें. गाडीचीं चाकें लहान आणि मिश्रधातूचीं झालीं, मागचे धक्के झेलायला वायु भरलेल्या नळ्या आल्या, कांट्याच्या वेगमापकाच्या जागीं आंकडे आले. २००७ मध्यें २२० सी.सी.ची गाडी आली. तिच्यांत पेट्रोल मोजून आंत सोडणारी नवी विद्युत्-योजना होती. दोन वर्षांनीं, २००९ मध्यें, तीच गाडी जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर घेऊन आणि किंमत उतरवून पुन्हां आली, आणि तीच दीर्घायुषी ठरली. प्रगति नेहमीं पुढेंच पाऊल टाकते असें आम्ही मुलांना शाळेंत शिकवतों. कधीं कधीं ती एक पाऊल मागें घेऊन अधिक दूर जाते, हें शिकवायला आम्ही विसरतों. त्याच दशकांत चेतक स्कूटर बंद झाली. एका घोड्याच्या पाठीवरून उतरल्याखेरीज दुसऱ्यावर नीट बसतां येत नाहीं, असा कदाचित् त्यांचा हिशेब असेल. पुढें २०२० मध्यें ती विजेवर चालणारी होऊन परत आली ती गोष्ट निराळी.

मधल्या काळांत एक सोयरीक झाली. २००७ च्या अखेरीस बजाजनें ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनींत भागीदारी घेतली. शर्यतीच्या गाड्या करणारें तें घराणें. २०१२ मध्यें त्यांची दोनशें सी.सी.ची ड्यूक पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांत तयार होऊन आपल्याकडे आली, आणि त्याच वर्षीं पल्सरचेंहि दोनशें सी.सी.चें नवें रूप आलें. त्यांत दोनाच्या तीन ठिणग्या झाल्या, दोन झडपांच्या चार झाल्या, गिअर सहा झाले, आणि यंत्र हवेऐवजीं पाण्यासारख्या द्रवानें थंड होऊं लागलें. पुढच्या वर्षीं ड्यूकसाठीं ३७३ सी.सी.चें यंत्र आलें. तें २०१६ च्या डिसेंबरांत डॉमिनार नांवाच्या लांबच्या प्रवासाच्या गाडींत बसलें, आणि २०२४ मध्यें पल्सरमध्यें. पुतण्याला हवी आहे ती ही. नांव आपल्या घरचें, काळीज सोयऱ्यांचें. आमच्या पडवींतल्या गाडीच्या तिप्पट तिचा जोर.

मग हा घोडा मधला कीं शर्यतीचा? पुतण्याच्या मतें मधलाच. त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. जपानांत ४०० सी.सी.पर्यंतच्या गाडीला साधा परवाना पुरतो. त्यापुढें मोठ्या गाडीचा निराळा परवाना काढावा लागतो. म्हणजे तेथें चारशेंवर मधल्याची शीव येते. २००१ मध्यें ज्याला आम्हीं मोठी गाडी म्हटलें ती आतां नवशिक्यांची गणली जाते. मधलें हें कांहीं पुरलेला मैलाचा दगड नव्हे; प्रत्येक पिढी तो उपटून थोडा पुढें रोवते. अण्णांनीं माझ्या गाडीकडे पाहिलें तेव्हां त्यांनाहि ती शर्यतीचीच वाटली असेल. आणखी एक गोष्ट पुतण्या म्हणाला आणि तिला मजपाशीं उत्तर नव्हतें. "काका, तुमच्या गाडीला ए.बी.एस. तरी होतं का? जोरांत ब्रेक दाबला कीं चाक अडकून घसरायचं." खरें आहे. १२५ सी.सी.वरच्या सर्व नव्या गाड्यांना ही सोय २०१९ पासून कायद्यानें सक्तीची झाली. ज्या गाडीवर मीं माझें तारुण्य काढलें ती, नुसतें यंत्र म्हणून पाहिलें तर, त्याच्या गाडीहून अधिक धोक्याची होती.

परंतु कायदा येथवर येऊन थांबतो. आपल्याकडे शंभर सी.सी.च्या गाडीला जो परवाना तोच चारशेंच्या गाडीला. सायकलवरून उतरलेल्या मुलाला उद्यां चाळीस अश्वशक्ति हातांत घेतां येते. मधली पायरी चढायला लावणारा कोणी नाहीं. ती पायरी घरांतल्या माणसानें व्हावें लागतें, आणि पायरीवर लोक पाय देतात हेंहि त्यानें सोसावें लागतें. अण्णांचे ते सात महिने मला आतां निराळे दिसूं लागले आहेत. त्यांना नवें सहन होत नव्हतें असें नाहीं. रात्रीं गाडीचा आवाज अंगणांत येईपर्यंत ते जागे असत, एवढेंच.

गेल्या रविवारीं पुतण्यानें नांदेडच्या एका मित्राची तसली गाडी दिवसापुरती मागून आणली. मला दाखवावी, मग काका विरघळतील, असा त्याचा बेत असावा. मी म्हणालों, "चल, वारंग्यापर्यंत जाऊन येऊं. मी मागें बसतों." त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मीं माझें हेल्मेट चढविलें, त्याला त्याचें चढवायला लावलें, आणि आम्ही निघालों.

नागपूरकडे जाणारा आमचा रस्ता आतां रुंद झाला आहे. ज्या वाटेवर उंसाची ट्रॉली उभी होती ती वाट आतां ओळखूंहि येत नाहीं. गाडी चालली आहे कीं रस्ताच मागें ओढला जात आहे हें मला कळेना. भय वाटलें हें मीं येथें कबूल करतों. आनंदहि झाला, हेंहि कबूल केलें पाहिजे. एक टँकर पुढें आला. माझा उजवा हात पुतण्याच्या खांद्यावर होता. तो मीं दाबला असें म्हणतां येणार नाहीं, तो दाबला गेला. वेग उतरला. टँकर गेला, हात सैल झाला, गाडी पुन्हां मोकळी झाली. दोन वळणें अशीं गेलीं. वारंग्याला चहाच्या टपरीपाशीं त्यानें गाडी थांबविली, हेल्मेट काढलें आणि मागें वळून न पाहतां म्हणाला, "आजोबा असंच करायचे ना? मी टांकीवर बसायचों तेव्हां तुमचा खांदा दबलेला दिसायचा."

चहा येईपर्यंत आम्ही दोघेहि बोललों नाहीं.

मग मीं त्याला माझी अट सांगितली. हळद निघायला अजून सहा महिने आहेत. तोंवर पडवींतली जुनी गाडी मिस्त्रीकडून दुरुस्त करून घ्यावी आणि तिच्यावर सहा महिने हिंडावें. पोतीं न्यावींत, पंप न्यावा, रात्रीं परत यावें, आणि मधूनमधून मला मागें बसवावें. हळद विकल्यावर त्याची इच्छा शिल्लक असेल तर चारशें घ्यावी. त्यानें थोडा वेळ विचार केला आणि विचारलें, "आणि मग ती जुनी भंगारांत?"

याचें उत्तर मला द्यावें लागलें नाहीं. घरीं येऊन पाहतों तों पुतणी पडवींत जुन्या गाडीवर बसली होती. आरसा तिनें न्हाणीघरांतून काढून परत जागेवर बसविला होता. नांदेडच्या कॉलेजला एस.टी.नें जाण्याचा तिला कंटाळा आला आहे, हें त्या दिवशीं प्रथम माझ्या कानांवर आलें. "दादाची चारशें आली कीं ही माझी," असें तिनें जाहीर केलें, आणि पेट्रोलचा थेंब नसलेल्या त्या गाडीला एक सणसणीत किक मारली. गाडी अर्थातच सुरू झाली नाहीं. टांकीवरची कोंबडी मात्र उडून पोत्यांच्या चवडीवर जाऊन बसली, आणि आमच्या सर्वांकडे फार रागानें पाहूं लागली.